गारठलेला साप, न गारठलेले विष

डिसेंबरमध्ये बुटीबोरीच्या आसपासच्या शिवारात कापसाची वेचणी सुरू असते. दव ओसरते, धुऱ्यावर ऊन येते आणि त्याच उन्हात एखादी घोणस वेटोळे घालून पडलेली दिसते. माणूस जवळ गेला तरी ती हलत नाही. ‘थंडीने सुस्त झाली आहे, काही करणार नाही,’ असे म्हणत कोणीतरी काठीने तिला बाजूला सारायला जातो. हा समज किती महागात पडू शकतो, हे कळण्यासाठी सापाच्या शरीरातली उष्णता येते कोठून हे पाहायला हवे.

साप, सरडे, बेडूक, मासे हे शीतरक्ती प्राणी. नाव तसे फसवेच आहे. उन्हात बसलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतके गरम असू शकते. फरक एवढाच की माणूस ही उष्णता अन्न जाळून स्वतः तयार करतो, तर साप ती ऊन, दगड, माती यांच्याकडून उसनी घेतो. शरीर सतत ३७ अंशांवर ठेवण्याचा खर्च नसल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या ऊर्जेत त्याचे भागते. एक उंदीर गिळला की कित्येक दिवस पाहायला नको! पण या काटकसरीची किंमत आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. पचन, धावणे, जखम भरून येणे, सारेच मंदावते. सापाने भक्ष्य गिळले आणि लगेच कडाक्याची थंडी पडली, तर ते पोटात पचण्याऐवजी कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो.

नागपूरसारख्या हवामानात ही उसनवारी सोपी नाही. येथे २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि मे महिन्यात तोच ४५ च्या पुढे जातो. शरीराचे तापमान चाळिशीच्या बरेच पुढे गेले तर साप जगत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात तो काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत, उंदरांच्या बिळांत दिवस काढतो आणि रात्री बाहेर पडतो. मृगाचा पाऊस आला की भेगा बुजतात, बिळांत पाणी शिरते. साप उघड्यावर येतो आणि नेमक्या त्याच वेळी रात्रीची हवा त्याच्या शरीराला मानवणारी असते. बेडूक, उंदीरही मुबलक असतात. नागपंचमी श्रावणातच यावी यात नवल नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांतले निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आहेत.

याच दिवसांत माणूसही उष्म्यापासून पळत असतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या पत्र्याच्या खोल्या रात्रीही तापलेल्या असतात. पाळी करून आलेला कामगार दार उघडे टाकून जमिनीवरच अंथरूण घालतो. उंदीर, पाली, लहान साप यांच्या मागावर निघालेला मण्यार त्याच दारातून आत येतो. त्याचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूज नसते, दातांच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, म्हणून पित्ताची गोळी घेतली जाते. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी पोटदुखी झाली आणि पापण्या मिटू लागल्या, तर ‘साप दिसला नाही’ याला काही अर्थ नाही. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर मण्यारालाही अडवते.

हिवाळ्यात हे चित्र उलटते. रात्र गार पडल्याने सापाला दिवसाच्या उन्हाची गरज भासते आणि वेचणीला आलेल्या बायांचे हातही त्याच वेळी झाडांच्या बुडाशी असतात. पऱ्हाट्यांचे ढीग, कुटाराची गंजी, दगडांचे बांध या त्याच्या आवडीच्या जागा. गारठलेल्या सापाला पळता येत नाही हे खरे. पण म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. इस्रायलमधल्या सरड्यांवर झालेला एक अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शरीर गरम असताना हे सरडे पळून जात आणि थंड असताना जागीच उभे राहून चावायला येत. पळण्याचा मार्ग बंद झाला की उरतो तो हल्ला. घोणस आधी कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार करते, पण दरवेळी करेलच असे नाही.

शिवाय विषाला हवामानाचे बंधन नाही. दहा-बारा अंशांच्या सकाळी टोचलेले विषही काम करते ते माणसाच्या ३७ अंशांच्या शरीरात. घोणशीच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपून जातात. हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते, मूत्रपिंडे बंद पडू शकतात. हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि नळी तिरपी करून पाहायचे. रक्त पातळच राहिले, तर प्रतिविष सुरू करायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. त्यामुळे आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, मांत्रिकाकडे जाणे यांत वेळ घालवू नये. हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा.

ओळख पटावी म्हणून साप मारून पिशवीत आणण्याचीही गरज नाही. पेशींना प्राणवायू कमी लागत असल्यामुळे शीतरक्ती प्राण्याचे धडावेगळे झालेले डोकेही बराच वेळ, कधी तासभरसुद्धा, चावा घेऊ शकते. मेलेल्या सापाचा जबडा बोटाने उघडून पाहणाऱ्यालाही मग प्रतिविष द्यावे लागते.