यादीत नाव नाही

राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांची यादी जाहीर झाली की आमच्या पिंपळगाव राजात पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्या बुलढाण्याचं कोणी आहे का? 2023 च्या यादीनंतर या प्रश्नाला जरा जास्तच धार होती. त्याच वर्षी बुलढाण्याच्या एका पोरानं जगातल्या अव्वल तिरंदाजाला हरवलं होतं, आशियाई सुवर्णपदकात वाटा उचलला होता. अर्जुन पुरस्कार मात्र दुसऱ्यांना मिळाले, आणि तेही अगदी लायक होते. कुणावर अन्याय झाला असं ठामपणे म्हणता येत नाही, आणि तरी काहीतरी राहून गेल्याची चुटपुट जात नाही. या चुटपुटीला जागा देण्यासाठी हा आढावा. यातले बहुतेक खेळाडू गुणवत्तेत कुठेच उणे नव्हते. त्यांच्या वेळी जागाच कमी होत्या.

दोनच जागा

सुरुवात घरापासून करू. प्रथमेश जावकर बुलढाण्याचा. त्याचा प्रकार कंपाउंड धनुष्याचा. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर पंधरा बाण मारायचे, एकूण गुण दीडशे. दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटर व्यासाचं. या पातळीवर नऊ गुण म्हणजे चूकच धरतात. मे 2023 मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत एकोणीस वर्षांच्या प्रथमेशनं अंतिम फेरीत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं हरवलं. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याच्या बिनचूक नेमबाजीमुळे त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात. त्याच वर्षी मेक्सिकोतल्या हर्मोसिलोला विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. तिथे डेन्मार्कच्या मथियास फुलरटनशी प्रथमेशची 148-148 अशी बरोबरी झाली. एकेका बाणाच्या निर्णायक फेरीत दोघांनीही दहा मारले, पण फुलरटनचा बाण केंद्राच्या अधिक जवळ होता. प्रथमेशच्या वाट्याला रौप्य आलं.

मग हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा आल्या. अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश या तिघांनी सांघिक अंतिम फेरीत दक्षिण कोरियाला 235-230 असं नमवून सुवर्ण मिळवलं. वैयक्तिक बाद फेरीत मात्र एका देशाचे दोनच तिरंदाज खेळू शकतात. भारताकडून ओजस आणि अभिषेक खेळले, आणि सुवर्ण व रौप्य दोन्ही भारताला मिळालं. तिसरा भारतीय गॅलरीत बसला, कारण नियमात तिसरी जागाच नव्हती. ओजस हा मूळचा नागपूरचा आणि साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली घडलेला. त्यानं त्याआधी बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिथेच जगज्जेती झाली होती. 2023 चे तिरंदाजीचे अर्जुन पुरस्कार या दोघांना मिळाले आणि ते रास्तच होतं. पण ज्या वर्षी महाराष्ट्रानं एकाच प्रकारात असे तिघे दिले, त्या वर्षी तिसऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही, एवढं खरं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदाच येतं आहे, तेही फक्त मिश्र दुहेरीपुरतं. म्हणजे भारतातल्या पुरुषांसाठी तिथे एकच जागा.

बेदींच्या मागे

जागेच्या टंचाईचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पद्माकर शिवलकर. डावखुरा फिरकी गोलंदाज, मुंबईकरांचा ‘पॅडी’. 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 589 बळी, सरासरी 19.69. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्याचा धावफलक आजही पुन्हा पुन्हा वाचावा असा आहे. चेपॉकच्या फिरणाऱ्या खेळपट्टीवर मुंबईनं 151 आणि 113 धावा केल्या. समोर तमिळनाडूचा संघ, खेळपट्टी त्यांच्या घरची, आणि तो 80 व 61 धावांत गुंडाळला गेला. शिवलकर : पहिल्या डावात 16 धावांत 8 बळी, दुसऱ्यात 18 धावांत 5. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद.

एवढं करून भारताकडून एकही कसोटी नाही. कारण एका शब्दात सांगता येतं : बेदी. बिशनसिंग बेदींनी 67 कसोटींत 266 बळी घेतले, आणि एका संघात एकाच धाटणीचे दोन डावखुरे फिरकीपटू क्वचितच बसतात. हरियाणाचे राजिंदर गोयल याच कात्रीत सापडले. रणजीत सर्वाधिक बळींचा विक्रम त्यांच्या नावावर, कसोटी मात्र शून्य. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात आपल्या आदर्श खेळाडूंमध्ये या दोघांना मानाचं स्थान दिलं. 2017 मध्ये क्रिकेट मंडळानं दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. तोवर शिवलकरांचा खेळ थांबून तीस वर्षं होत आली होती. मार्च 2025 मध्ये ते गेले.

पॅड बांधून

अमोल मुजुमदारची गोष्ट शाळेपासून सुरू होते. 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रमसाठी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसला होता आणि बसूनच राहिला. 1993-94 मध्ये रणजी पदार्पणातच त्यानं हरियाणाविरुद्ध 260 धावा ठोकल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो त्या वेळचा विश्वविक्रम. पुढे 11,167 धावा आणि 30 शतकं केली. 2006-07 मध्ये मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला तो कर्णधार म्हणून. पण भारताची मधली फळी तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण यांनी भरलेली होती. त्यांच्यातल्या कुणाला बसवून अमोलला घ्यायचं, याचं उत्तर निवड समितीकडे नव्हतं. खरं तर ते कुणाकडेच नव्हतं.

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारतीय महिला संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार होता. देशासाठी एकही सामना न खेळलेल्या माणसानं देशाला विश्वविजेता संघ घडवून दिला.

जमठ्याचे दोघे

विदर्भानं रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला 2017-18 मध्ये, दुसऱ्यांदा लगेच पुढच्या वर्षी. दोन्ही वेळी कर्णधार होता नागपूरचा फैज फझल. पहिल्या विजेतेपदाच्या मोसमात त्यानं नऊशेवर धावा केल्या. भारतासाठी तो एकच एकदिवसीय सामना खेळला : जून 2016, हरारे, झिंबाब्वेविरुद्ध. सलामीला येऊन नाबाद 55 धावा, भारताचा दहा गडी राखून विजय. त्यानंतर पुन्हा बोलावणं आलं नाही. अर्धशतक ठोकून संघाबाहेर गेलेला सलामीवीर म्हणून त्याची नोंद राहिली, आणि 2024 मध्ये तो निवृत्त झाला.

दुसरा आदित्य सरवटे. हाही डावखुरा फिरकीपटू. 2018-19 चा अंतिम सामना नागपूरजवळच्या जमठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राविरुद्ध झाला. सरवटेनं सामन्यात 11 बळी घेतले. दोन्ही डावांत चेतेश्वर पुजारा त्याच्याच गोलंदाजीवर बाद झाला, धावा 1 आणि 0. ऑस्ट्रेलियात मालिका गाजवून पुजारा नुकताच परतला होता, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या दोन बळींची किंमत कळते. तरीही जडेजा आणि अक्षर पटेल असताना तिसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूला राष्ट्रीय संघाचं दार उघडलं नाही. पुढे सरवटे केरळकडे गेला. 2024-25 च्या अंतिम सामन्यात केरळची गाठ पडली ती विदर्भाशी, आणि तीही जमठ्यालाच. सरवटेनं आपल्या जुन्या संघाविरुद्ध, आपल्याच मैदानावर 79 धावा केल्या. पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भानं तिसरा करंडक उचलला.

पुरस्कारच नव्हता तेव्हा

काहींच्या बाबतीत उशीर झाला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या वर्षी ना पद्म पुरस्कार होते, ना अर्जुन. पद्म 1954 मध्ये सुरू झाले, अर्जुन 1961 मध्ये. खाशाबा 1984 मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. पद्म तर मिळालाच नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकले. पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली.

खो-खोसारख्या खेळात तर पुरस्काराची वाट पिढ्यान्‌पिढ्या पाहावी लागते. 2020 मध्ये सारिका काळेला अर्जुन मिळाला तो या खेळाला बावीस वर्षांनी मिळालेला पुरस्कार होता. मधल्या काळात महाराष्ट्राच्या मैदानांवर पाठलाग आणि बचाव करून गेलेल्या मुली किती असतील, याची कुणी यादी केलेली नाही.

मग मोजायचं कसं?

अर्जुन पुरस्काराचा मुख्य भर आंतरराष्ट्रीय कामगिरीवर असतो, आणि राष्ट्रीय पुरस्काराचा तसा असणं चूक नाही. चूक होते ती आपण या एकाच मापानं सगळे खेळाडू मोजतो तेव्हा. अमोलच्या 11,167 धावा कुठल्याही आंतरराष्ट्रीय पदकाच्या तक्त्यात बसत नाहीत. शिवलकरांचे 13 बळी केवळ रणजी सामन्यातले म्हणून हलके ठरत नाहीत. त्या दिवशी चेपॉकवर समोर उभे राहिलेल्या फलंदाजांना ते कळलं होतं. बेदींना वर्षानुवर्षं उत्तम गोलंदाजी करत राहावी लागली, कारण मागे पॅडी आणि गोयल उभे होते. मागे उभा असलेलाही पुढच्याचा दर्जा टिकवत असतो. त्याचा हिशेब पुरस्कारात होत नाही, तो चाहत्यांनी ठेवायचा असतो.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. जमठ्याला रणजीचा सामना असेल तेव्हा एखादा दिवस काढून जा; तिथे प्रवेश बहुतेक वेळा फुकट असतो आणि बसायला जागा हवी तेवढी. आणि घाटाखालच्या शाळांनी येत्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणा शोधताना पुरस्कारांची यादी बाजूला ठेवून जिल्ह्याच्या, विदर्भाच्या स्पर्धांचे निकाल एकदा चाळावेत. पाहुणा जवळच सापडेल.