दुसऱ्याच्या वतीने इंग्रजी ई-मेल लिहिताना

पूर्वी वस्तीत एखादाच शिकलेला असे आणि पोस्टकार्ड लिहून घ्यायला सारे त्याच्याकडे जात. आज ते काम घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलींकडे आले आहे. वडिलांची पेन्शन, आईचा भविष्य निर्वाह निधी, शेजारच्या काकूंचा विम्याचा दावा, अशा कामांचे इंग्रजी ई-मेल तीच लिहितात. म्हणून चार गोष्टी येथे देत आहोत.

लिहिणारा कोण, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. 'आय अ‍ॅम रायटिंग ऑन बिहाफ ऑफ माय फादर', म्हणजे 'मी माझ्या वडिलांच्या वतीने लिहीत आहे.' लगेच त्यांचे पूर्ण नाव व खाते क्रमांक द्यावा. येथे 'इन्स्टेड ऑफ' लिहू नये; त्याचा अर्थ 'ऐवजी' असा होतो. 'ऑन द पार्ट ऑफ' हेही निराळे. 'अमुकाकडून झालेली चूक' म्हणताना ते वापरतात.

पुढे 'ही', 'हिज' हीच सर्वनामे शेवटपर्यंत ठेवावीत. आमच्या पाहण्यातील एका मेलमध्ये आरंभी 'माय फादर' आणि खाली 'माय पेन्शन' होते. पेन्शनर नेमका कोण, अशी उलट विचारणा आली व काम लांबले.

मागणी नम्र, पण स्पष्ट असावी. 'ही वुड लाइक टु नो' म्हणजे 'त्यांना जाणून घ्यायचे आहे'. 'ही हॅज आस्क्ड मी टु रिक्वेस्ट यू' म्हणजे 'आपणास विनंती करण्यास त्यांनी मला सांगितले आहे'.

शेवटी आपले नाव, त्याखाली 'ऑन बिहाफ ऑफ' आणि वडिलांचे नाव लिहावे. कागदी पत्रात सहीपूर्वी 'पी. पी.' लिहितात, ते 'पर प्रोक्युरासिओनेम' या लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. दिलेल्या अधिकाराने सही केली, असा त्याचा आशय. १९८२ च्या ई-मेल नियमांतही मजकूर कोणाचा ('फ्रॉम') व धाडणारा कोण ('सेंडर') यांच्या जागा वेगळ्या ठेवल्या आहेत.

मेल वडिलांच्याच पत्त्यावरून, त्यांच्याच नावाने जात असेल, तर 'आय' बरोबर. मात्र अशा वेळी प्रत्येक शब्द त्यांचा ठरतो. म्हणून धाडण्यापूर्वी सारा मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवावा व होकार घ्यावा. पासवर्ड किंवा ओ.टी.पी. मेलमध्ये कधीही लिहू नये.

विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी आपली असली तरी गाऱ्हाणे त्यांचे आहे. ते त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे पोचावे, एवढीच अपेक्षा.