इंग्रजी पहिलीपासून आली, पण फळ्यावरच राहिली
सन २००० च्या जूनपासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाली. तोवर ती पाचवीपासून होती. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्यावर या निर्णयासाठी बरीच टीका झाली. मराठी बुडणार म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत होती, हे तेव्हाच विचारायला हवे होते. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले होते. म्हणजे सरकार माईंच्या जवळजवळ दीडशे वर्षे मागे होते.

त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशीपार आहेत आणि त्यांची मुले शाळेत जातात. उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या चाळींत, बदलापूरच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या या आपल्या तरुण आईबापांना विचारा, गल्लीतील नळाला पाणी येत नाही एवढीच तक्रार इंग्रजीत चार ओळींत लिहाल का? फार थोडे हात वर होतील. असे का झाले?

इंग्रजी पहिलीत आली, पण शिकवण्याची पद्धत जुनीच राहिली. मराठीत अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच. इंग्रजीत 'सी' नावाचे अक्षर शब्दात कधी 'क' होते, कधी 'स'. मूल 'सी-ए-टी कॅट' घोकते. 'सीएटी'चे 'कॅट' कसे झाले, हे त्याला कोणी सांगत नाही. खरे तर मराठी वाचणाऱ्या मुलाला आवाज तोडून-जोडून शब्द करणे बाराखडीनेच शिकवलेले असते. 'बी'चा आवाज ब्, 'ए'चा ॲ, 'टी'चा ट्, म्हणजे बॅट, एवढे मराठीतून सांगितले की निम्मे काम होते. म्हणून ज्याचे मराठी वाचन कच्चे, त्याची इंग्रजीही कच्चीच राहते.

लेखनाची दशा त्याहून वाईट. 'माय स्कूल' हा निबंध फळ्यावर लिहिला जातो, चाळीस वह्यांत तोच उतरतो, परीक्षेतही तोच येतो. याला लेखन म्हणत नाहीत, नक्कल म्हणतात. एखाद्या मुलाने 'आय गो मार्केट विथ आई' असे लिहिले तर लाल रेघ ओढली जाते. त्यात 'टू' राहिला, आई मराठीच राहिली, हे खरे. पण ते वाक्य त्या मुलाचे आहे! आधी त्याला शाबासकी द्या, 'टू' मागाहून घाला.

बाबासाहेबांचे इंग्रजी घडले कसे, हे जयंतीच्या भाषणांत क्वचितच सांगितले जाते. लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेल्या सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी वाचनाची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली होती. भाषांतर म्हणजे मराठी आणि इंग्रजी दोन्ही हातांत धरणे. ज्यांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला, त्यांनीच १९३६ मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिले. मराठी की इंग्रजी, हे भांडण आमच्या घरातले नव्हेच.

वकिलीत मला याची किंमत रोज दिसते. महाराष्ट्रात तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. घर पाडण्याच्या नोटिशीविरुद्ध वरच्या कोर्टात गेलेला माणूस स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रावर न वाचता सही करतो. मी समजावून सांगतो, तो मान डोलावतो. माझ्यावरचा हा विश्वास मला मानाचा वाटत नाही.

म्हणूनच पोटाला चिमटा घेऊन पोरांना खाजगी इंग्रजी शाळेत घालणाऱ्या पालकांना मी नावे ठेवणार नाही. पण पाटीवर 'इंग्लिश मीडियम' लिहिले की इंग्रजी आली असे नाही. तिथेही अनेकदा फळ्यावरचेच उतरवले जाते, फरक फक्त फीचा. शिक्षण हक्क कायद्याने अशा शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना त्यातून सूट दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ही लढाई जिंकली, चांगलेच झाले. मात्र पंचवीस टक्क्यांत न बसलेल्या मुलांचे काय?

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा १६ एप्रिलचा शासन निर्णय आला आणि विरोधानंतर २९ जूनला सरकारने माघार घेतली. तिसऱ्या भाषेवर रान उठले. पंचवीस वर्षे वहीत पडून राहिलेल्या दुसऱ्या भाषेबद्दल कोण बोलणार?

बोलण्याची जागा कायद्यातच आहे. कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती लागते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व मिळावे, असे तेच कलम सांगते. विनाअनुदानित खाजगी शाळेला हे कलम लागू नाही, म्हणजे फी भरणाऱ्यापेक्षा नगरपालिकेच्या शाळेतील आईचा अधिकार मोठा! प्राथमिक वर्गांत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक, गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय, हेही कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही, हे कलम २७ सांगते. समितीच्या सभेत आपल्या भगिनींनी आधी मुलांच्या वह्या मागवाव्यात. चाळीस वह्यांत एकच निबंध निघाला, तर त्याची नोंद इतिवृत्तात करायला लावावी आणि प्रत हातात घ्यावी.

विहारांतही संध्याकाळी तासभर हे होऊ शकते. बालभारतीचे पहिलीचे इंग्रजी पुस्तक मोबाईलवर फुकट उतरवून घेता येते. दहावी झालेली कुठलीही मुलगी ते शिकवू शकेल. सुरुवात मुलाच्या स्वतःच्या नावापासून करावी, मग आईचे नाव, मग स्टेशनवरची पाटी. अंबरनाथचे स्पेलिंग दोन प्रकारे लिहिलेले सापडते, तेही मुलांनाच शोधू द्यावे.