आकाशात पट्टे दिसतात? टीव्ही बदलण्यापूर्वी हे तपासा

मध्यंतरी आमच्याकडे सोलापुरातीलच एक गिऱ्हाईक आले. घरी मोठा ४के टीव्ही, प्लेअर, स्पीकर सगळे नवे. पण चित्रपटात संध्याकाळचे आकाश आले की त्यात पट्टे दिसत. एका कारागिराने पॅनेल बदलायला सांगितले होते. पॅनेलचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीइतका असतो, म्हणून ते आधी विचारायला आले.

सोलापूरकरांना हा दोष चादरीवरून लगेच समजेल. गडद निळा रंग हळूहळू फिकट करायचा आहे आणि सुताच्या चारच छटा हाती आहेत, तर चार पट्टे उमटणारच. चित्राचेही तसेच आहे. ८ बिटच्या चित्रात लाल, हिरवा व निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या असतात. १० बिटमध्ये १०२४. ४के पडद्याच्या रुंदीत ३८४० ठिपके असतात. तेवढ्या आकाशाला ४० पायऱ्याच मिळाल्या, तर एकेक पट्टा ९६ ठिपके रुंद होतो आणि डोळ्यांना खुपतो.

तपासणी या क्रमाने करावी.

पहिले, पट्टे हलतात का ते पाहावे. दृश्य सरकले तरी पट्टे पडद्यावर त्याच जागी राहिले, तर पॅनेलचा किंवा त्यामागील दिव्यांचा संशय घ्यावा. दृश्याबरोबर सरकले, तर पॅनेलला हात लावू नये.

दुसरे, तोच चित्रपट दुसऱ्या टीव्हीवर लावावा. तिथेही पट्टे असतील तर मूळ चित्रातच दोष आहे. इंटरनेटचा वेग कमी असला की चित्र जास्त दाबून पाठवले जाते आणि बारीक छटा गळतात.

तिसरे, टीव्हीचा भडक मोड सोडून सिनेमा मोड लावावा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करावा, शार्पनेस उतरवावा.

चौथे, प्लेअरची सेटिंग पाहावी. एचडीआर चित्राला १० बिट लागतात. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे. सेकंदाला ६० चित्रे आणि पूर्ण रंग पाठवायचे ठरवले, तर ४के चे १० बिट त्यात मावत नाहीत आणि प्लेअर ८ बिटवर उतरू शकतो. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चित्रांचेच असतात. म्हणून २४ व १० बिट निवडावे.

एवढे करूनही पट्टे राहिले तर टीव्हीतील पट्टे पुसण्याची सोय वापरावी. मात्र तिने बारीक तपशीलही थोडा पुसला जातो. महागडी केबल घेऊन पट्टे जातील, या भरवशावर राहू नये. केबल खराब असेल तर चित्रात ठिणग्या दिसतात किंवा चित्र जाते. असे पट्टे पडत नाहीत.

आमच्या गिऱ्हाईकाचा दोष चौथ्या पायरीवर सापडला. दहा मिनिटांचे काम होते. आम्ही फक्त तपासणीचे पैसे घेतले. पॅनेल विकले असते तर त्या दिवशी गल्ला भरला असता, पण पट्टे तसेच राहिले असते आणि गिऱ्हाईक कायमचे गेले असते.