समुद्रातून जमीन, जमिनीतून विद्यापीठ

‘बिल्डर’ हा शब्द ऐकला की आपल्या कपाळावर आठी पडते. तिला कारणेही आहेत. तरीही आज अशाच एका जमीन-व्यावसायिकाची ओळख करून द्यावीशी वाटते. होर्मसजी नवरोजी मोदी हे त्यांचे नाव. जन्म १८३८ सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. कर्तृत्व मात्र हाँगकाँगचे.

१८६० च्या सुमारास तरुण होर्मसजी तिथे पोहोचले. १८४२ च्या तहाने ते बेट इंग्रजांच्या ताब्यात आले होते. माळव्यातली अफू मुंबई बंदरात जहाजावर चढायची आणि चीनच्या किनाऱ्यावर उतरायची. मोदींची सुरुवातीची कमाई याच अफूच्या लिलावातली. हे झाकण्यात अर्थ नाही. त्या व्यापाराने चीनमध्ये किती चुली विझवल्या, याचा हिशेब नंतरच्या कुठल्याही दानाने मिटत नाही.

हाँगकाँगमध्ये त्यांची गाठ पॉल चेटर यांच्याशी पडली. चेटर कोलकात्यात जन्मलेले, पोरके झालेले आर्मेनियन. दोघेही परमुलखात नशीब काढायला आलेले. ‘चेटर आणि मोदी’ ही भागीदारी आधी दलालीत आणि मग जमिनीच्या व्यवहारात नावारूपाला आली.

हाँगकाँगची अडचण मुंबईकराला चटकन समजेल. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो. सपाट जागा तळहाताएवढी. शहर वाढायचे तर समुद्राला मागे सारायला हवे. चेटर यांनी पाठपुरावा करून किनाऱ्याच्या भरावाची योजना मंजूर करून घेतली. योजनेचे सूत्र सोपे होते. किनाऱ्यावरच्या जमीनधारकांनी आपापल्या जागेसमोरचा समुद्र भरण्याचा खर्च करायचा आणि त्या बदल्यात तिथली नवी जमीन मिळवायची. १८९० च्या सुमारास सुरू झालेले काम विसाव्या शतकाच्या आरंभी पुरे झाले. किनारा सुमारे अडीचशे फूट पुढे सरकला. आजच्या हाँगकाँगच्या मध्यवर्ती व्यापारी भागाचा मोठा पट्टा या भरावावर उभा आहे. आपल्याकडे बॅकबेच्या शेअरांचा फुगा १८६५ मध्ये फुटला होता, हे आठवले की या कामाचे मोल कळते. खाडीपलीकडच्या कौलूनमध्येही या जोडीने जमिनी घेतल्या. तिथल्या चिम शा चुई भागात ‘मोदी रोड’ आजही आहे.

आता खरी गोष्ट. १९०८ मध्ये गव्हर्नर लुगार्ड यांनी हाँगकाँगला विद्यापीठ हवे, असा विचार मांडला. कल्पना चांगली, पण पैसा कुठून आणायचा? तेव्हा सत्तरीला आलेले मोदी पुढे झाले आणि इमारतीसाठी त्यांनी दीड लाख डॉलर देऊ केले. विद्यापीठ चालवायचे तर कायम निधीही हवा होता. तो इतरांकडून उभा करावा लागला, त्यात चिनी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. पण पहिल्या माणसाने हात पुढे केला नसता, तर बाकीचे हात खिशातच राहिले असते. मार्च १९१० मध्ये पायाभरणी झाली. त्याच वर्षी मोदींना ‘सर’ हा किताब मिळाला.

जून १९११ मध्ये ते वारले. आपण दिलेली इमारत पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही. १९१२ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. सुन यत-सेन ज्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले होते, ते या विद्यापीठात विलीन झाले. ज्या चीनमध्ये अफू उतरली, त्याच चीनची मुले तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकी शिकू लागली. हा योगायोग म्हणा किंवा काळाचा न्याय.

आमच्याकडे ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात. म्हणजे देणारा गेला तरी वाहत राहणारे दान. विहीर, झाड, मदरसा ही त्याची नेहमीची उदाहरणे. लाल विटांची ती इमारत शंभराहून अधिक वर्षे उभी आहे आणि आजही तिथे तासाची घंटा होते. मोदी परतले नाहीत. हॅपी व्हॅलीतल्या पारशी दफनभूमीत ते विसावले आहेत.

पोटासाठी परक्या गावात गेलेल्या माणसाला ‘तू कुठला?’ असे सगळेच विचारतात. मोदींनी त्याचे उत्तर त्या गावाच्या मुलांसाठी वर्ग बांधून दिले. आपल्या शहरांतून जमिनीवर मोठे झालेल्यांनाही एवढे विचारायला हरकत नाही : फ्लॅट तर विकलेत, शाळेसाठी किती जागा सोडलीत?