उन्हातला न दिसणारा किरण आणि डोळ्याचा पडदा

उन्हानं कातडी रापते हे आपल्याला रोज दिसतं. डोळ्याच्या आत ऊन काय करतं ते मात्र दिसत नाही, लगेच दुखतही नाही. म्हणूनच तिकडे दुर्लक्ष होतं.

उजेडाबरोबर सूर्याकडून अतिनील किरणही येतात. ते दिसत नाहीत, पण पेशीच्या गाभ्यातल्या आनुवंशिक धाग्यावर घाव घालण्याइतका जोर त्यांच्यात असतो. या धाग्याला शास्त्रज्ञ डीएनए म्हणतात.

नोंद बिघडते ती अशी

डीएनए म्हणजे पेशीचा सात-बारा समजा. कोणतं प्रथिन कधी बनवायचं याची नोंद त्यात चार रासायनिक अक्षरांत असते. जोरकस अतिनील किरण पडला की शेजारशेजारची दोन अक्षरं, विशेषतः थायमिन नावाची, एकमेकांना चिकटतात. ओल्या शाईच्या दोन ओळी एकमेकींत मिसळाव्यात तसं होतं. कमी जोराचे किरण पेशीत प्राणवायूची दाहक रूपं तयार करतात आणि ती या अक्षरांना जणू गंज चढवतात.

पण पेशी गप्प बसत नाही बरं का! धागा दुपदरी असतो. बिघडलेला तुकडा कापायचा आणि समोरच्या चांगल्या पदरावरून नवी नक्कल उतरवायची, हे काम रात्रंदिवस चालतं. पेशी ही दुरुस्ती कशी करते ते उलगडल्याबद्दल टॉमस लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

कातडीची खराब पेशी गळते, तिच्या जागी नवी येते. दृष्टिपटलाचं, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, तसं नाही. उजेड टिपणाऱ्या तिथल्या पेशी जन्मभर त्याच राहतात. बिघाड दुरुस्तीपलीकडे गेला तर पेशी मरते आणि ती जागा रिकामी राहते. हा दोष पोराबाळांत उतरतो का, असं कुणी विचारील. नाही. तो त्या डोळ्यापुरताच राहतो.

भिंग हेच कुंपण

पडदा सहसा वाचतो, कारण त्याच्यापुढे दोन कुंपणं आहेत. काही किरण बुबुळावरचं पारदर्शक आवरण अडवतं, उरलेले बहुतेक डोळ्यातलं भिंग अडवतं. त्याची किंमत भिंगाला मोजावी लागते. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात काम करणाऱ्या ८३८ कोळ्यांची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या डोळ्यांवर जोरकस अतिनील किरण जास्त पडले, त्यांच्यात एका प्रकारचा मोतीबिंदू जास्त आढळला. त्याच कोळ्यांचे पडदे तपासले, तेव्हा म्हातारपणी पडद्याची जी झीज होते तिचा अतिनील किरणांशी संबंध दिसला नाही. कुंपणानं मार खाल्ला, शेत वाचलं.

मग काळजी कुणाची? ज्यांचं कुंपण नाही किंवा विरळ आहे, त्यांची. पूर्वी शिबिरांत मोतीबिंदू काढून जाड चष्मा देत, आत भिंग बसवत नसत. अशा वडीलधाऱ्यांच्या पडद्यावर अतिनील किरण जास्त प्रमाणात पोचतात. लहान मुलांचं भिंग स्वच्छ असतं, त्यातूनही थोडे किरण मागे जातात. सूर्याकडे टक लावून पाहिलं, मग ते ग्रहणात का असेना, तर तिखट निळ्या उजेडानंही पडदा जळतो. वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहिलं की काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. ते पुढच्या आवरणाचं भाजणं असतं, पण तो झगझगाट पडद्यालाही बरा नव्हे.

तुम्ही काय कराल?

गांधी टोपीला पुढं काठ नाही. रुंद काठाची टोपी घाला, किंवा उपरणं, पदर कपाळावरून पुढं ओढून घ्या. बाजारातला स्वस्त काळा गॉगल अतिनील किरण अडवतोच असं नाही. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि किरण उलट जास्त आत जातात. ‘यूव्ही ४००’ अशी खात्रीची काच असेल तरच घ्या. काच काळीच हवी असं नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. आत भिंग नसलेल्या वृद्धांची यादी आशाताईंकडून करून घ्या आणि ती ग्रामीण रुग्णालयात द्या. तपासणीनंतर काहींना आजही भिंग बसवता येतं. चौकातल्या वेल्डिंगवाल्याला आडोसा करायला सांगा, म्हणजे शाळेची पोरं थांबून ठिणग्या पाहणार नाहीत. ग्रहणाआधी मुख्याध्यापकांनी मुलांना बजावावं : काजळी धरलेली काच नको, एक्स-रेची फिल्म नको, थाळीतल्या पाण्यात सूर्य पाहणंही नको. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा आणि सूर्याकडे पाठ करून त्याची प्रतिमा भिंतीवर पाहा.

नवं भिंग डॉक्टर बसवू शकतात. पण मेलेला पडदा बदलून देणारं रुग्णालय आज कुठंच नाही. तेव्हा राखण आपणच करायची.