निविदेतल्या अटी आणि आपली माणसे

शासन आपल्या माणसांपर्यंत दोन वाटांनी पोचते. एक वाट नोकरीची, दुसरी खरेदीची. नोकरीच्या वाटेवर आपण जागता पहारा ठेवला. बिंदुनामावली म्हणजे काय हे आज तालुक्याच्या कार्यकर्त्यालाही पाठ असते. परंतु शासन धान्य विकत घेते, पाकिटे विकत घेते, गणवेश, सतरंज्या, डिझेल इंजिने विकत घेते आणि झाडूवाल्याचे श्रमही विकत घेते. ही खरेदी कोणत्या अटींवर होते, या प्रश्नाकडे आपण फारसे वळून पाहिले नाही. निविदा हा ठेकेदारांचा आणि कारकुनांचा विषय, अशी आपली समजूत झाली आहे.

आपल्या परंपरेत मात्र ही समजूत नव्हती. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत, त्यामुळे त्या खात्याची आतली रीत त्यांना चांगली ठाऊक होती. म्हणूनच ‘गुलामगिरी’त (१८७३) इंजिनियर खात्यातल्या कारभारावर पवाडा आला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. त्याच श्रमखात्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकामही होते. सरकारी पैसा खर्च करणारे खाते आणि मजुराचे हित पाहणारे खाते एका माणसाच्या हाताखाली होते, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी अजून पुरती तपासलेली नाही.

आता मेळघाटात येऊ. परतवाड्याहून घाट चढून धारणीकडे निघाले की वाटेत सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. वस्ती प्रामुख्याने कोरकूंची. तालुका चिखलदरा, तो आणि धारणी असे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली देशात अवघ्या ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि त्यांत शेजारचा धारणी तालुका होता. म्हणजे या डोंगरातल्या पोराच्या पोटासाठी शासन अर्ध्या शतकापासून खरेदी करीत आले आहे. मेळघाटचे बालमृत्यू १९९३ मध्ये न्यायालयापुढे गेले, आणि त्यानंतरही हे नाव वर्तमानपत्रांतून कधी गेले नाही.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजे शिजवलेले अन्न मिळते. सहा महिने ते तीन वर्षांचे मूल आणि गरोदर व स्तनदा माता यांना घरी न्यायचा शिधा मिळतो. या शिध्याच्या पाकिटाचा प्रवास समजून घेतला तर खरेदीचे सारे शास्त्र कळते.

७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्न अधिकाराच्या खटल्यात आदेश दिला की अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत. गावसमूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडे हे काम शक्यतो सोपवावे. आदेश स्पष्ट होता, पण पुढे काय झाले? २०१२ साली न्यायालयानेच नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने महाराष्ट्राची पाहणी केली. कागदावर महिला मंडळे होती. मात्र यंत्रे, कारखाना आणि व्यवहार खाजगी कंपन्यांच्या हातात होते. पाटी बाईच्या नावाची, दुकान शेटजीचे. आपल्या गावात राखीव जागेवरच्या सरपंचाचा शिक्का जसा दुसऱ्याच्याच खिशात असतो, तसाच हा प्रकार.

त्यानंतर मार्च २०१६ मध्ये नवी निविदा निघाली. राज्यातले ५५३ प्रकल्प मोठमोठ्या गटांत बांधले गेले आणि अटी अशा घातल्या की मोठा उद्योगच त्या पुऱ्या करू शकेल. प्रकरण पुन्हा दिल्लीला गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६,३०० कोटींची ही प्रक्रिया रद्द ठरवली.

इथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. त्या निविदेत ‘आदिवासी बायांनी अर्ज करू नये’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. तसे लिहावे लागतच नाही. वार्षिक उलाढाल किती, बयाणा रक्कम किती, पूर्वानुभव किती वर्षांचा, पुरवठ्याचा गट केवढा, एवढे चार आकडे ठरवले की सेमाडोहची बाई आपोआप बाहेर पडते. विहिरीवर पाटी लावून बंदी घालण्याचे दिवस गेले. आता रहाटाचा दोर लांब करायचा आणि म्हणायचे, विहीर सर्वांना खुली आहे.

दुसरी गोम ‘न्यूनतम दर’ या शब्दात आहे. दर कमी तर शासनाचा फायदा, हे वरवर बिनतोड वाटते. पण नगरपालिकेच्या सफाईच्या ठेक्याचा विचार करा. त्या ठेक्याचा बहुतेक खर्च मजुरीचाच असतो. झाडू आणि गाड्या स्वस्त मिळून किती मिळणार? मग एका ठेकेदाराचा दर दुसऱ्यापेक्षा बराच कमी येतो तो कशातून? किमान वेतन बुडवून, भविष्यनिर्वाह निधी न भरून, हातमोजे न देऊन. म्हणजे न्यूनतम दराची अट हीच कायदा मोडण्याची सूचना ठरते. आणि हा मजूर कोणत्या जातीचा आहे, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वर्षानुवर्षे चालवला, तेव्हा कुठे २०१७ साली सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयात टिकला.

जगात यावर उपाय जुना आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८९१ साली सरकारी ठेक्यांत रास्त वेतनाचा ठराव केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ साली ९४ क्रमांकाचा करार याच विषयावर केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. अमेरिकेत १९६५ च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी ठेकेदाराला काळ्यांबाबत भेदभाव न करण्याचे बंधन घातले. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश मागे घेतला गेला. मिळवलेले टिकवावे लागते, ते असे.

आपल्याकडे २००२ च्या भोपाळ जाहीरनाम्यात दलित विचारवंतांनी सरकारी खरेदीत वाटा मागितला. केंद्राच्या २०१२ च्या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे लक्ष्य आले. प्रत्यक्ष वाटा त्याच्या बराच खाली राहत आला आहे. कर्नाटकाने २०१७ पासून ५० लाखांपर्यंतच्या बांधकाम ठेक्यांत आरक्षण ठेवले आणि पुढे ही मर्यादा वाढवली.

यावर आपल्यातच एक मतभेद आहे, तो उघड मांडला पाहिजे. ठेकेदार आपला झाला म्हणजे प्रश्न मिटला असे काही मित्र मानतात. मला ते पटत नाही. आपला ठेकेदारही आपल्याच मजुराचे वेतन बुडवू शकतो, आणि त्याचे नाव पुढे करून मागे दुसराच बसू शकतो. वाटा हवाच, पण त्याच करारात वेतनाची पावती आणि खाणाऱ्याची सही या दोन अटीही हव्यात. मी वसतिगृहात राहून शिकलो, आमच्या घरातली पहिली पदवी माझी. तिथल्या भिंतीवर आहाराचा छापील तक्ता होता आणि ताटात पाणीदार डाळ. करार उत्तम होता. देयकावर सही करणाऱ्यांत मात्र जेवणारा एकही नव्हता.

मेळघाटापुरते बोलायचे तर पर्याय हवेत नाही. २०१५ पासून आदिवासी भागात सुरू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातेचे जेवण गावातच शिजते. ज्या डोंगरात कोदो-कुटकी पिकते, त्या डोंगरातल्या पोराला बाहेरून बंद पाकीट का यावे? पुरवठ्याचा गट तालुक्याऐवजी गावाचा ठेवला, बयाणा माफ केला आणि देयक ४५ दिवसांत चुकते केले तर बचत गट उभा राहतो. ही ४५ दिवसांची मुदत २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्यातच आहे. पैसे सहा महिने अडकले तर मात्र गटाला सावकार गाठावा लागतो, आणि मग तोच खरा पुरवठादार होतो.

कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी सुरुवात कागदापासून करावी. २००५ च्या माहिती अधिकाराखाली निविदेच्या अटी, पोचपावत्या, प्रयोगशाळेचे अहवाल आणि मजुरांची वेतनपत्रके मागता येतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा अधिकार आणखी मोठा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीने खर्च केलेल्या निधीच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडूनच घ्यावे लागते. ते प्रमाणपत्र वाचून, ज्यांच्या पोरांनी ते अन्न खाल्ले त्या बायांना विचारून मगच द्यायचे, एवढे एका गावाने ठरवले तरी पंचायत समितीला पुढची निविदा वेगळी लिहावी लागेल.